कर्नेल बदलल्यानंतर व्हीएममधील टायमर चुकू लागले, तर निदान कोणत्या क्रमाने करावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, वीज-गुणवत्ता मोजणाऱ्या उपकरणांकडून दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे ५० हर्ट्झच्या प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, एक नोंद घेणारा प्रोग्राम केव्हीएमवरील (लिनक्समध्ये आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्यवस्थेवरील) काही व्हीएममध्ये, म्हणजे आभासी यंत्रांमध्ये, चालतो. होस्टला, म्हणजे त्या व्हीएम चालवणाऱ्या प्रत्यक्ष यंत्राला, कोणीही हात लावलेला नाही. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या लिनक्समध्ये, मात्र वितरणाबरोबर आलेला ४.१८ कर्नेल (लिनक्सचा गाभा) काढून त्या जागी स्वतः बांधलेला, नको असलेले पर्याय गाळून आटोपशीर केलेला ५.१४ कर्नेल मे महिन्यात टाकण्यात आला. तेव्हापासून सर्व व्हीएममध्ये दोन नोंदींमधील अंतर जवळजवळ नेमके १० मिलिसेकंद न राहता १२, ८, १२, ८ असे आलटून पालटून येते. त्याशिवाय दोन व्हीएमचे घड्याळ दिवसाला सुमारे तीन सेकंद मागे पडते आणि उरलेल्या व्हीएममध्ये सीपीयूचा वापर वाढलेला दिसतो. टॉप या आज्ञेतील स्टीलचा आकडा (होस्ट दुसऱ्या कामात असल्यामुळे व्हीएमला न मिळालेला सीपीयूचा वेळ) सगळीकडे शून्य असल्यामुळे होस्ट निर्दोष आहे, असे आपल्या सहकाऱ्यांनी ठरवले आहे. त्यानंतर एकाने एचझेडचे, म्हणजे कर्नेलच्या नियमित ठोक्यांच्या (टिकांच्या) दर सेकंदातील संख्येचे, मूल्य १००० करण्याचा, दुसऱ्याने टीएससी हा प्रोसेसरमधील वेळगणक बंद करणारा, इंटरनेटवर सापडलेला ‘नोटीएससी’ हा बूट पर्याय देण्याचा आणि तिसऱ्याने नवतपा संपेपर्यंत थांबून पाहण्याचा सल्ला दिला आहे.

माझ्या मते हे तिन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. ते घाईचे आहेत हे एक कारण आहे; पण मुख्य कारण असे की ‘टायमर चुकतो’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचे कारण कर्नेलच्या वेगळ्या भागात असते. पहिली तक्रार घड्याळाची आहे: वेळ विचारली असता मिळणारे उत्तरच चुकीचे असते किंवा ते मिळवायला फार खर्च येतो. लिनक्समध्ये हे काम क्लॉकसोर्सचे आहे. दुसरी तक्रार गजराची आहे: ठरलेल्या क्षणी इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) येत नाही. ते काम क्लॉक इव्हेंट साधनाचे आणि त्यावर उभ्या असलेल्या टायमर-व्यवस्थेचे आहे. तिसरी तक्रार रांगेची आहे: इंटरप्ट वेळेवर येतो, पण ज्या थ्रेडला जागे करायचे त्याला सीपीयू उशिरा मिळतो. व्हीएममध्ये ही रांग दोनदा लागते, एकदा गेस्टच्या शेड्युलरकडे आणि एकदा होस्टच्या. आपल्या वर्णनात पहिल्या दोन तक्रारी स्पष्ट दिसतात, आणि तिसरी नाही असे मानण्याचा आधार मात्र कच्चा आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सुरुवात अर्थातच जुन्या कर्नेलपासून करावी. त्याच होस्टवर, त्याच व्हीएममध्ये, ग्रबच्या यादीतून जुना ४.१८ निवडून बूट करावे आणि तोच प्रोग्राम तितकाच वेळ चालवावा. दोष नाहीसा झाला, तरच कर्नेलचा बदल हे कारण मानावे. अनेकदा कर्नेलबरोबर व्हीएमची व्याख्या, सीपीयूचे मॉडेल किंवा बूटच्या ओळीतील पर्यायही कोणी न सांगता बदललेले असतात. दोन्ही बूटमधील कर्नेल कमांड लाइन, डीमेसेजची (कर्नेलच्या संदेशांची) नोंद आणि बूट डिरेक्टरीतील कॉन्फिग फाइल जपून ठेवावी व त्या डिफने ताडून पाहाव्यात. नुसत्या आवृत्तीच्या आकड्यांवरून तर्क करू नयेत, कारण मोठी वितरणे ४.१८ या नावाखाली पुढच्या आवृत्त्यांतील कित्येक बदल मागे आणून ठेवतात. आपण कर्नेल स्वतः बांधला असल्यामुळे आवृत्ती बदलली की कॉन्फिगरेशन बदलले, हा प्रश्नही वेगळा सोडवावा लागेल. त्याचा सोपा मार्ग म्हणजे जुन्या वितरणाची कॉन्फिग फाइल घेऊन ५.१४ पुन्हा बांधणे आणि तिसऱ्यांदा मोजणे. मला दाट शंका आहे की या तिसऱ्या मोजणीतच बहुतेक उत्तर मिळेल, तरीही ते का मिळेल हे समजून घेणे आवश्यक आहे.

मोजणीबाबत एक अट मी नेहमी घालतो: संशयित घड्याळाने संशयित टायमर मोजू नये. गेस्टमधील प्रोग्राम जेव्हा स्वतःच्या दोन नोंदींमधील अंतर छापतो, तेव्हा टायमर उशिरा वाजला की घड्याळ चुकीचे चालले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दोघेही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर छापलेला आकडा निर्दोषच दिसेल. म्हणून टायमर वाजताच गेस्टने एक लहानसे यूडीपी पॅकेट पाठवावे आणि त्याच स्विचवरील एका प्रत्यक्ष यंत्राने, व्हीएमने नव्हे, टीसीपीडंपने त्याच्या येण्याची वेळ नोंदवावी. नेटवर्कची काही दहा मायक्रोसेकंदांची अनिश्चितता येथे चालते, कारण आपण मिलिसेकंदांमधील दोष शोधत आहोत. पॅकेटमध्ये गेस्टची स्वतःची वेळही लिहावी. मग दोन्ही स्तंभ शेजारी ठेवले की गजराची चूक आणि घड्याळाची चूक वेगळी दिसते: दर नोंदीमागे वरखाली होणारा फरक गजराचा असतो आणि तासागणिक एकाच दिशेने साचत जाणारा फरक घड्याळाचा.

यानंतर सरासरी काढू नये. आपल्याच उदाहरणात १२ आणि ८ यांची सरासरी बरोबर १० येते आणि दोष पूर्णपणे झाकला जातो. चुकांचा आलेख काढून त्याचा आकार पाहावा, कारण आकारातच कारणाचा निम्मा पत्ता असतो. सुमारे ५० मायक्रोसेकंदांचा जवळजवळ स्थिर उशीर असेल, तर तो साध्या थ्रेडला मिळणारा टायमर-स्लॅक आहे. कर्नेल ही सूट जाणूनबुजून घेतो आणि तो दोष नाही. रिकाम्या बसलेल्या व्हीसीपीयूला (व्हीएमच्या आभासी सीपीयूला) होस्टकडून जागे होताना आणखी काही दहा मायक्रोसेकंद लागू शकतात, आणि होस्टचा कोअर खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) गेलेला असेल तर हा आकडा शंभराच्या पुढे जातो. यापैकी काहीही दोन मिलिसेकंदांचा नियमित खाडा घडवू शकत नाही. मिलिसेकंदांच्या पातळीवर मुख्यतः दोनच संशयित उरतात, एक टिक आणि दुसरा होस्टने व्हीसीपीयूला थांबवून ठेवणे. यातील दुसरा संशयित अनियमित असतो. त्याच्या आलेखाला लांब, विरळ शेपूट असते. आपला आलेख काटेकोर आहे, म्हणून त्याची सही टिकची आहे.

गणित असे आहे. एचझेड २५० असेल तर दोन टिकांमधील अंतर ४ मिलिसेकंद असते. टायमरला टिकवाचून वाजण्याची सोय नसेल, तर ठरलेल्या क्षणानंतर येणाऱ्या पहिल्या टिकलाच तो वाजू शकतो. आपला प्रोग्राम पुढची वेळ निरपेक्ष स्वरूपात ठरवतो, म्हणजे ‘आतापासून १० मिलिसेकंद’ असे न सांगता ‘अमुक क्षणी’ असे सांगतो. त्यामुळे ठरलेले क्षण १०, २०, ३०, ४० असे असतात आणि टिक ४ च्या पाढ्याने येतात. १० चा टायमर १२ ला वाजतो, २० चा २० ला, ३० चा ३२ ला, ४० चा ४० ला. अंतरे निघतात ८, १२, ८, १२. टिकांची सुरुवात किंचित पुढेमागे असली तरी हाच क्रम येतो. हाच प्रोग्राम सापेक्ष झोप घेत असता, तर प्रत्येक झोप टिकपासून सुरू होऊन पुढच्या तिसऱ्या टिकला संपली असती, अंतर कायम १२ आले असते आणि सेकंदाला १०० ऐवजी सुमारे ८३ नोंदी मिळाल्या असत्या. एचझेड १०० असता तर सापेक्ष झोप २० मिलिसेकंदांची झाली असती, कारण टिकनंतर लगेच मागितलेले १० मिलिसेकंद पुढच्या टिकच्या किंचित पलीकडे पडतात. तेव्हा आपल्या आकड्यांवरून मी हे न पाहताही सांगू शकतो की नव्या कर्नेलमध्ये एचझेड २५० आहे आणि उच्च-विभेदन टायमर, म्हणजे टिकवाचून वाजण्याची ती सोय, चालू नाहीत.

हे पडताळणे सोपे आहे. क्लॉक_गेटरेस हे आवाहन मोनोटॉनिक घड्याळासाठी वापरले असता उच्च-विभेदन चालू असल्यास उत्तर १ नॅनोसेकंद येते. बंद असल्यास टिकची लांबी, म्हणजे येथे ४० लाख नॅनोसेकंद, येते. प्रोक फाइलप्रणालीतील टायमर_लिस्ट या फाइलमध्ये प्रत्येक सीपीयूखाली ‘एचरेस_अ‍ॅक्टिव्ह’ अशी ओळ असते आणि तिचे मूल्य १ असायला हवे. त्याच फाइलच्या शेवटी टिक-साधनाचे नाव दिलेले असते. आधुनिक इंटेल यंत्रावरील गेस्टमध्ये तेथे ‘लॅपिक-डेडलाइन’ दिसणे अपेक्षित आहे. नुसते ‘लॅपिक’ दिसले, तर व्हीएमच्या सीपीयू मॉडेलमधून टीएससी-डेडलाइनचा ध्वज गेस्टपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तो स्वतंत्रपणे दुरुस्त करण्याजोगा मुद्दा आहे, पण ८ आणि १२ चे कारण नव्हे.

उच्च-विभेदन टायमरची मूळ व्यवस्था लिनक्समध्ये २००६ साली २.६.१६ मध्ये आली आणि २००७ साली २.६.२१ मध्ये टिकविरहित कर्नेलबरोबर ती प्रत्यक्ष वापरण्याजोगी झाली. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या वितरणाने ती चालू ठेवलेली असल्यामुळे ती बंद असू शकते हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. स्वतः कॉन्फिग गाळताना मात्र ती सहज निसटते: हा पर्याय निवडलेला नसला की कर्नेल कोणतीही तक्रार न करता बांधला जातो, बूट होतो, आणि सगळे टायमर टिकला बांधले जातात. दुसरी शक्यता म्हणजे कोणीतरी कधीकाळी तपासासाठी बूटच्या ओळीत ‘हायरेस=ऑफ’ लिहून ठेवले असणे; म्हणून कमांड लाइन ताडून पाहण्यास वर सांगितले.

आता एचझेड १००० करण्याच्या सल्ल्याविषयी. तो केल्यास टिक दर मिलिसेकंदाला येईल, १० ही संख्या १ ने भागली जात असल्यामुळे ८ आणि १२ नाहीसे होतील, आणि सर्वांना दोष गेल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात टायमर टिकलाच बांधलेले राहतील. उद्या कोणी २.५ मिलिसेकंदांची नोंद मागितली की तोच दोष पुन्हा डोके वर काढेल. उच्च-विभेदन चालू असताना नॅनोस्लीप, टायमरएफडी, ईपोल यांच्या प्रतीक्षेचा एचझेडशी संबंध उरत नाही. एचझेडवर अवलंबून राहतात ते कर्नेलच्या आतले जिफी (झालेल्या टिकांची संख्या) मोजणारे टायमर, उदाहरणार्थ टीसीपीचे पुनर्प्रेषण किंवा एखाद्या ड्रायव्हरमधील एमस्लीप. त्यांच्याकडून अचूकतेची अपेक्षाही नसते. २०१६ साली ४.८ मध्ये टायमर-चक्राची पुनर्रचना झाल्यापासून तर लांबच्या मुदतीचे जिफी-टायमर मुद्दाम ढोबळपणे, मुदतीच्या सुमारे साडेबारा टक्क्यांपर्यंत उशिरा वाजू दिले जातात, कारण त्यातील बहुतेक वाजण्याआधीच रद्द होतात. कोणाचा प्रोग्राम कर्नेल बदलल्यानंतर अशा टायमरवर अवलंबून चुकू लागला असेल, तर दुरुस्ती प्रोग्राममध्ये करायची असते.

आपण सांगितलेले आणखी एक लक्षण, म्हणजे सीपीयूचा वाढलेला वापर, वरवर टायमरशी असंबद्ध वाटते, पण मला ते सर्वांत बोलके वाटते. सिस फाइलप्रणालीतील क्लॉकसोर्स डिरेक्टरीत करंट_क्लॉकसोर्स आणि अव्हेलेबल_क्लॉकसोर्स अशा दोन फाइल असतात. सर्व व्हीएममध्ये, दोन्ही कर्नेलखाली, त्या वाचून घ्याव्यात. जुन्या कर्नेलखाली बहुधा केव्हीएम-क्लॉक, म्हणजे होस्टच्या मदतीने चालणारा क्लॉकसोर्स, दिसेल. नव्या कर्नेलखाली उपलब्धांच्या यादीत केव्हीएम-क्लॉक नसेलच असे माझे अनुमान आहे, कारण तो मिळण्यासाठी पॅराव्हर्च्युअलायझेशन (आपण व्हीएममध्ये आहोत हे जाणून गेस्टने होस्टचे सहकार्य घेणे) आणि केव्हीएम-गेस्ट हे पर्याय चालू असावे लागतात आणि ‘हे होस्टसाठी असेल, आपल्याला काय करायचे’ अशा समजुतीने तेच प्रथम गाळले जातात. तो गेला की गेस्टला स्वतः व्हीएम आहोत याचा विशेष फायदा घेता येत नाही. तो प्रत्यक्ष यंत्राप्रमाणे टीएससी निवडतो आणि त्यावर वॉचडॉगची नजर ठेवतो.

हा वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाने टीएससीची तुलना एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमर या यंत्रातील दुसऱ्या वेळगणकांशी करतो. दोन वाचनांच्या मध्येच होस्टने व्हीसीपीयू थांबवला, तर टीएससी निर्दोष असूनही दोन घड्याळांत फरक दिसतो. पूर्वी हा फरक सुमारे ६२.५ मिलिसेकंदांपर्यंत खपवून घेतला जात असे. ५.१४ मध्ये ही मर्यादा शेकडो मायक्रोसेकंदांच्या पातळीवर आणली गेली आणि जोडीला वाचन पुन्हा करून पाहण्याची सोय झाली. प्रत्यक्ष यंत्रांसाठी हा बदल योग्य होता, परंतु ताण असलेल्या होस्टवरच्या, पॅराव्हर्च्युअल घड्याळ नसलेल्या गेस्टसाठी तो कठोर ठरू शकतो. तसे झाले असल्यास डीमेसेजमध्ये टीएससीला अस्थिर ठरवल्याची, फरक फार मोठा असल्याचे सांगणारी स्पष्ट ओळ मिळेल आणि त्यानंतर एसीपीआय पीएम किंवा एचपीईटीकडे वळल्याची नोंद असेल.

पुढचा परिणाम खर्चाचा आहे. टीएससी किंवा केव्हीएम-क्लॉक असताना क्लॉक_गेटटाइम हे वेळ विचारणारे आवाहन व्हीडीएसओमधून, कर्नेलमध्ये न शिरता, काही दहा नॅनोसेकंदांत उरकते. एसीपीआय पीएम टायमर असेल तर प्रत्येक वाचनाला आधी सिस्टम कॉल, मग पोर्टचे वाचन, त्यामुळे व्हीएमबाहेर पडणे आणि शेवटी होस्टवरील क्यूईएमयू या, व्हीएमच्या साधनांचे अनुकरण करणाऱ्या, प्रक्रियेकडून उत्तर, असा फेरा पडतो. एकेका वाचनाला मायक्रोसेकंद लागतात आणि आपला प्रोग्राम प्रत्येक नोंदीला अनेकदा वेळ विचारत असणार. शिवाय ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या या टायमरची एक पायरीच सुमारे २८० नॅनोसेकंदांची असते. सीपीयूचा वापर वाढलेल्या व्हीएम याच गटातल्या असाव्यात. त्यांचे घड्याळ मागे पडत नाही हेही याच्याशी जुळते, कारण पीएम टायमरचे अनुकरण होस्ट स्वतःच्या, एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) सावरलेल्या वेळेवरून करतो. मागे पडणाऱ्या दोन व्हीएममध्ये मात्र सीपीयूचा वापर वाढलेला नाही. म्हणजे तेथे टीएससी टिकून आहे. होस्टवर परफ केव्हीएम स्टॅट चालवून आयओ पोर्टमुळे होणारे एक्झिट मोजले, तर दोन्ही गटांतील फरक लगेच दिसेल.

या दोन व्हीएमच्या तीन सेकंदांचा हिशेब करू. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर तीन सेकंद म्हणजे सुमारे ३५ पीपीएम (दहा लाखांत ३५ भाग). एवढी चूक दोन ठिकाणांहून येऊ शकते. होस्टच्या घड्याळाला ठोके देणाऱ्या स्फटिकाची स्वतःची चूक काही दहा पीपीएमची असू शकते. होस्ट ती एनटीपीने दुरुस्त करतो, परंतु गेस्ट जेव्हा टीएससी थेट वाचतो तेव्हा ती दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरे म्हणजे केव्हीएमकडून वारंवारता कळत नसल्याने नवा कर्नेल बूटच्या वेळी टीएससीचा वेग स्वतः मोजतो, आणि व्हीसीपीयूला मध्येच थांबावे लागले तर त्या मोजमापात चूक शिरते. यांतील कोणते कारण आहे हे डीमेसेज सांगतो: टीएससीची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेली असते. २,६०० मेगाहर्ट्झवर ३५ पीपीएम म्हणजे सुमारे ०.०९ मेगाहर्ट्झ. चार-पाच बूटमध्ये हा आकडा एवढ्याने हलत असेल तर मोजमाप दोषी, आणि तो स्थिर असूनही घड्याळ तेवढेच मागे पडत असेल तर स्फटिक.

नवतप्याचा मुद्दाही येथेच निकालात निघतो. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सर्व्हर रूमचा एसी धापा टाकतो हे खरे. तापमानाने स्फटिकाची वारंवारता थोडी सरकते हेही खरे. पण तो परिणाम साधारण काही पीपीएमचा, म्हणजे दिवसाला सेकंदाच्या काही दशांशांचा असतो. तो ८ आणि १२ घडवू शकत नाही, सीपीयूचा वापर वाढवू शकत नाही आणि एकाच होस्टवरील व्हीएममध्ये निवड करू शकत नाही. उन्हाने प्रोसेसरचा वेग कमी झाला तरी आजच्या प्रोसेसरमधील टीएससी स्थिर वेगानेच चालतो. एसी जरूर दुरुस्त करावा, पण वेगळ्या कारणासाठी.

मुळात तीन सेकंद साचू कसे दिले, हा खरा प्रश्न आहे. ३५ पीपीएम ही क्रोनीडीसाठी (एनटीपीने घड्याळ सावरणाऱ्या प्रोग्रामसाठी) किरकोळ गोष्ट आहे; म्हणजे त्या दोन व्हीएममध्ये तो चालू नाही किंवा त्याचा एनटीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही. ‘केव्हीएम-क्लॉक होस्टकडून वेळ घेतो, मग गेस्टमध्ये एनटीपी कशाला’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. केव्हीएम-क्लॉक हा क्लॉकसोर्स आहे. तो होस्टकडून भिंतीवरच्या घड्याळाची वेळ बूटसारख्या मोजक्या प्रसंगी घेतो. तिला सतत सावरणे हे गेस्टमधील क्रोनीडीचेच काम राहते. पीटीपी-केव्हीएम मॉड्यूल असल्यास क्रोनीडीला होस्टचे घड्याळ नेटवर्कशिवाय संदर्भ म्हणून देता येते आणि माझी पसंती त्याला आहे. होस्टला मात्र बाहेरचा संदर्भ द्यावाच लागेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तो एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी जुळलेला असणे अपेक्षित आहे.

आता स्टीलच्या शून्याकडे वळू. स्टीलचा आकडा गेस्ट स्वतः मोजत नाही. होस्ट तो एका सामायिक स्मृतीपानावर लिहितो आणि केव्हीएम-गेस्टचा पर्याय चालू असलेला कर्नेल तो वाचतो. पर्याय गाळला असेल, तर होस्टवर कितीही गर्दी असली तरी टॉप शून्यच दाखवणार. म्हणून या शून्यावरून होस्टला निर्दोष ठरवता येत नाही. उलट वॉचडॉगने टीएससीला अस्थिर ठरवले असेल, तर व्हीसीपीयूला अधूनमधून थांबावे लागते याचाच तो पुरावा आहे. खरी स्थिती होस्टवरून पाहावी: व्हीसीपीयूच्या थ्रेडच्या टास्क डिरेक्टरीतील शेडस्टॅट फाइलमधला दुसरा आकडा म्हणजे त्या थ्रेडने धावण्याची तयारी असूनही रांगेत घालवलेले नॅनोसेकंद. दर मिनिटाला तो नोंदवून फरक काढला की गर्दी किती आहे हे कळते. ती लक्षणीय असेल, तर या व्हीएमसाठी कोअर राखून व्हीसीपीयू त्यांना बांधून टाकावेत. होस्टचे हॉल्ट-पोलिंग (रिकाम्या व्हीसीपीयूला झोपवण्याआधी थोडी वाट पाहणे) वाढवून मिळणारा लाभ मायक्रोसेकंदांचा आहे. या टप्प्यावर त्याच्या मागे लागू नये.

‘नोटीएससी’, ‘क्लॉक=पीआयटी’ किंवा ‘डिव्हायडर=१०’ असले पर्याय सुचवणारे लेख शोधात अजूनही वर येतात. ज्या काळी गेस्ट टिक मोजून वेळ ठरवत असे आणि होस्टने थांबवले की टिक हरवून घड्याळ मागे पडे, त्या काळातले ते उपाय आहेत. आपल्या बाबतीत टीएससी बंद केल्यास आज ज्या दोन व्हीएममध्ये वेळ स्वस्तात वाचली जाते, त्याही पीएम टायमरवर जातील. ‘टीएससी=रिलायबल’ लिहून वॉचडॉगचे तोंड बंद करण्याचा मोहही टाळावा. होस्ट स्थिर टीएससीची हमी देत असेल, तर ती व्हीएमच्या व्याख्येत इन्व्हटीएससी ध्वजाने द्यावी. तो दिल्यावर मूळ कर्नेलमध्ये ५.१ पासून केव्हीएम गेस्ट स्वतःहून केव्हीएम-क्लॉकऐवजी टीएससीला पसंती देतो. एवढेच लक्षात घ्यावे की या ध्वजामुळे व्हीएमचे चालू स्थितीतील स्थलांतर सर्वसाधारणपणे अडवले जाते.

दुरुस्ती एकेक करावी आणि प्रत्येकीनंतर यूडीपीची मोजणी पुन्हा घ्यावी. आधी फक्त उच्च-विभेदन टायमर चालू करून कर्नेल बांधावा. ८ आणि १२ जातील, सीपीयूचा वापर तसाच राहील. मग पॅराव्हर्च्युअलायझेशन व केव्हीएम-गेस्ट चालू करावे. क्लॉकसोर्स सर्वत्र केव्हीएम-क्लॉक होईल, वाढलेला वापर उतरेल आणि स्टीलचा आकडा प्रथमच खरे बोलू लागेल. तो पाहून धक्का बसण्याची शक्यता आहे, परंतु तो आकडा नव्या कर्नेलने निर्माण केलेला नसेल. शेवटी क्रोनीडी सुरू करून काही तासांनी त्याच्या ट्रॅकिंगमधील वारंवारतेचा आकडा पाहावा.

जुन्या वितरणाची पूर्ण कॉन्फिग वापरूनही ५.१४ मध्ये दोष राहिला, तर मात्र माझे अनुमान चुकले असे समजावे आणि खोलात जावे. ५.१४ मध्येच टायमरलॅट हा ट्रेसर आलेला आहे. इंटरप्ट किती उशिरा आला आणि त्यानंतर थ्रेड किती उशिरा धावला, हे तो प्रत्येक नोंदीसाठी वेगवेगळे दाखवतो, म्हणजे दुसरी आणि तिसरी तक्रार तेथेच वेगळी होते. इंटरप्टच उशिरा येत असेल, तर होस्टवरील केव्हीएमच्या ट्रेस-घटनांशी त्याच्या वेळा जुळवाव्यात. थ्रेड उशिरा धावत असेल, तर गेस्टमध्ये त्या वेळी सीपीयू कोणाकडे होता हे शेड_स्विचच्या नोंदी सांगतील. गिट बायसेक्ट, म्हणजे मधल्या बदलांचे निम्मे-निम्मे भाग करत दोषी बदल शोधणे, हा उपाय त्यानंतरचा आहे: ४.१८ ते ५.१४ एवढ्या अंतरात तो सतरा-अठरा वेळा कर्नेल बांधायला लावेल, आणि प्रत्येक वेळी कॉन्फिग तीच राहिली आहे याची खात्री केली नाही, तर शेवटी तो एखाद्या निरपराध बदलाकडे बोट दाखवेल.